नवमीची भरती

मराठी घरात कॅलेंडरची जागा ठरलेली असते. स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारी, नाहीतर दाराच्या मागे. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, संकष्टीचा चंद्रोदय आणि कामवाल्या बाईंनी घेतलेली उचल या साऱ्या नोंदी तिथे एकमेकींच्या अंगावर रेललेल्या असतात. दिवाणखान्यात कॅलेंडर लावणे म्हणजे पाहुण्यांसमोर बनियनवर बसण्यासारखेच. तरीही चिंचवडला आमच्या घरी तुम्ही आलात, तर दारातून शिरताच समोरच्या भिंतीवर, नेमके मधोमध, एक कॅलेंडर तुम्हांला दिसेल. ज्यावर ते टांगले आहे तो खिळाही साधा नाही. चांगला पितळी, फुलाच्या नक्षीचा. कॅलेंडरसाठी असला खिळा कोणी आणत नाही. तो आणला होता एका छायाचित्रासाठी. ते छायाचित्र कुठे गेले, असे येणारेजाणारे विचारतात. आणि मी दर वेळी काहीतरी थातुरमातुर सांगतो. काच फुटली, भिंतीला ओल आली, असे काहीतरी. आज एकदा खरे ते सांगून टाकतो.

चाळिशी उलटली, की माणसाला एक तर गुडघेदुखी लागते, नाहीतर छंद लागतो. मला दोन्ही एकदमच लागले. पगाराच्या थकबाकीचा एक हप्ता हाती आला होता. सौभाग्यवतीच्या मनात कपडे धुण्याचे यंत्र होते आणि माझ्या मनात कॅमेरा होता. कॅमेरा आला, आणि मागाहून कळले की कॅमेरा ही नुसती वरदक्षिणा असते, खरा खर्च पुढेच असतो. पाखरे टिपायची तर हातभर लांबीचे भिंग हवे, आणि त्या भिंगाची किंमत कॅमेऱ्याहून अधिक! धुण्याचे यंत्र आणखी दोन वर्षे लांबले. याविषयी घरात जे बोलणे झाले, ते छापण्यासारखे नाही.

सुरुवात घरच्या नदीवरच केली. पिंपरी-चिंचवड म्हटले, की लोकांच्या डोळ्यांपुढे कारखाने उभे राहतात, आणि त्यात वावगे काही नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, त्यानंतर एकामागून एक कारखाने येत गेले, आणि आमच्या गावाचे घड्याळ पाळीच्या भोंग्यावर चालू लागले. पण पहिल्या पाळीच्या बसगाड्या धावू लागतात त्या वेळी मोरया गोसावींच्या समाधिमंदिरामागच्या घाटावर येऊन पाहा. पवनेच्या उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे काठ्यांवर चालावे तसे चालत असतात. टिटवी उगीचच सगळ्यांवर ओरडत असते. धोबी पक्षी आपले नाव राखून घाटावरच वावरतो. नदीचे पाणी कसे असते ते मी सांगायला नको. पण पाखरे नाक मुरडत नाहीत.

मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. त्यामुळे पक्षी दिसण्याइतकाच आनंद मला त्याचे मराठी नाव सापडल्यावर होतो. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ मी घाटावरून परतलो की शब्दकोशासारखा उघडून बसे. एका हिवाळ्यात घाटाच्या पायरीवर चिमणीहून थोडा मोठा, वरून तपकिरी, पोटाला पांढराशुभ्र असा एक पक्षी दिसला. त्याची शेपटी एकसारखी वरखाली, वरखाली. त्याचे नाव निघाले तुतारी. वीण हिमालयात किंवा त्याहून उत्तरेला, आणि थंडीत मुक्काम आपल्याकडे. म्हणजे मोरयाच्या घाटावर दगड टिपत बसलेली ही स्वारी काश्मीर-लडाखच्या बाजूची पाहुणी! एका पाहुण्याने मला इतके वेड लावले. मग अशा पाहुण्यांचा मेळाच भरतो तो समुद्रकिनारा पाहिल्यावाचून राहवणार कसे?

किनारा ठरवायला वेळ लागला नाही. अलिबागजवळचे अक्षी. पक्षी पाहणाऱ्या मंडळींत ते गाव प्रसिद्धच आहे. मला मात्र ते अगदी वेगळ्या कारणाने पाठ होते. मराठी भाषेचा आरंभ शिकवताना अक्षीचा शिलालेख टाळता येत नाही. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा लावला. त्यावर विद्वानांत वाद आहे, आणि तो वाद परीक्षेला हमखास येतो. पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणवणारा कोकणचा राजा, त्याचा प्रधान आणि देवीच्या बोडणासाठी लावून दिलेले धान्य, एवढा त्यातला मजकूर. वीस वर्षे मी हा शिलालेख शिकवला, आणि वीस वर्षांत अक्षीला एकदाही गेलो नव्हतो. शिकवलेल्या गोष्टी पाहायच्या असतात, हे आम्हां शिक्षकांच्या फार उशिरा लक्षात येते.

तीन वर्षांपूर्वी दत्तजयंतीची सुट्टी साधून आम्ही निघालो. मी, सौभाग्यवती आणि त्या वेळी सातवीत असलेली आमची धाकटी. द्रुतगती मार्गाने घाट उतरून खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग. एका नारळी-पोफळीच्या वाडीत उतरायची सोय केली होती. पहाटे पाचाचा गजर लावून, थंडीत कुडकुडत, सुरूच्या बनातून मी किनाऱ्यावर आलो. आणि पाहतो तो समुद्र जागेवर नाही! पुढे नुसती ओली वाळू, तिच्यापुढे आणखी ओली वाळू, आणि पार तिकडे क्षितिजाच्या पायाशी एक पांढरी रेघ. त्या रेघेवर मोहरीएवढे ठिपके हलत होते. माझे हातभर भिंग लावून पाहिले, तेव्हा मोहरीची ज्वारी झाली. त्यापलीकडे काही नाही. त्यांच्या दिशेने चालत गेलो, तर तेही तितकेच पुढे गेले. गुडघाभर चिखल आणि एक चप्पल तिथे ठेवून मी परतलो.

वाडीच्या आजी अंगणात सुपाऱ्या पसरत होत्या. माझे पाय पाहून त्यांना सगळे कळले.

“मास्तर, पुनवेला पहाटे कशाला गेलात? पाणी असतं व्हय तेव्हा?”

“मग कधी असतं, आजी?”

“तिथीला तीनानं गुणायचं नि चारानं भागायचं. निघेल तितक्या वाजता पुरी भरती. तुम्ही शिकलेले ना?”

मी शिकलेला होतो. पण हे मला कोणी शिकवले नव्हते. तिथेच उभ्या उभ्या हिशोब केला. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला, तर त्याआधी सहा तास, पहाटे सव्वापाचला पुरी ओहोटी. त्यातून पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी येते तेही खूप आणि जाते तेही खूप दूर. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार बेताचा. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे सरकते, आणि ‘तीन चतुर्थांश’ हा हिशोब त्यातूनच येतो. घड्याळे नव्हती तेव्हापासून कोकणातल्या होड्या या गणितावर पाण्यात लोटल्या गेल्या आहेत. शुद्ध पक्ष असो वा वद्य, गणित तेच. मिनिटाकाट्याला नव्हे, पण अंदाजाला पक्के.

सूर्योदय थंडीत सातच्या आसपास. मला हवी होती त्याच वेळची भरती. नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, पावणेसात. नवमी!

पौषातल्या वद्य नवमीला आम्ही पुन्हा अक्षीला हजर झालो. आजींनी सांगितले होते तसेच झाले. समुद्र सुरूच्या बनापासून हाकेच्या अंतरावर आला होता, आणि पाण्याने मागे सारलेली सगळी पाखरे वाळूच्या एका उंचवट्यावर दाटीवाटीने बसली होती. अर्धा चंद्र अजून डोक्यावर होता. धाकटी हट्टाने बरोबर आली होती. आम्ही दोघे वाळूवर पालथे पडलो. पक्ष्याचे चित्र उभ्याने घेतले की ते पोलिसाने वरून काढल्यासारखे दिसते. त्याच्या डोळ्याला आपला डोळा भिडायचा तर पोट वाळूला लागले पाहिजे. कोपरांवर सरकायचे, तेही थेट नव्हे, तिरपे. एकाने मान उंचावली की थांबायचे. त्याने मान खाली घातली की पुन्हा वीतभर पुढे. माझ्या गुडघ्यांनी यावर आपले मत दिले, ते मी ऐकले नाही.

पश्चिम किनाऱ्यावरचा सूर्योदय समुद्रातून होत नाही, हे तुम्हां-आम्हांला ठाऊक असते, पण चित्र काढायला गेल्यावाचून त्याचा फायदा कळत नाही. सूर्य आपल्या पाठीमागून, डोंगरामागून, सुरूच्या झाडांतून येतो आणि त्याचा पहिला उजेड सरळ पाखरांच्या छातीवर पडतो. आधी पाण्याचा रंग शिशासारखा, मग जस्तासारखा. मग एका क्षणी उंचवट्यावरची ती करडी ढेकळे एकदम सायीच्या रंगाची झाली. बहुतेक होते चिखल्या जातीचे, ज्यांना इंग्रजीत सँड प्लोव्हर म्हणतात ते. आखूड चोच, मोठे काळे डोळे. लाटेच्या अगदी काठाशी पाचसहा सँडरलिंग होते. लाट मागे गेली की तिच्यामागे धावायचे, ती परतली की तिच्यापुढे पळायचे. किनाऱ्यावर पहिल्यांदा आलेली मुले जशी खेळतात तसे. बाकीचा सगळा थवा मात्र स्वस्थ होता. वाऱ्याकडे तोंड, एक पाय पोटात, चोच पाठीच्या पिसांत.

पंधरा मिनिटे गेली, अर्धा तास गेला. मी त्या झोपलेल्या थव्याची साठ-सत्तर चित्रे घेतली, आणि ती सगळी एकसारखी होती. उजेड चढत होता. अजून दहा मिनिटांनी त्याचे सोने उतरून पितळ होणार होते. एवढ्या लांब आलो, एवढे पैसे घातले, आणि हे सगळे झोपलेले! मी धाकटीच्या कानाशी लागलो आणि हळूच म्हणालो,

“तू डावीकडून पळत जा बरं त्यांच्याकडे. टाळ्या वाजव.”

ती पळाली. थवा उठला. शेकडो पंख एकदम उलगडले, एकदम वळले, आणि वळताना सगळी पांढरी पोटे उन्हात लकाकली. जणू कोणी चांदीच्या नाण्यांची ओंजळ हवेत उधळली. माझे बोट कळीवर दाबलेलेच होते.

ते चित्र खरोखरच सुरेख आले होते. डाव्या कडेला थोडी गिचमीड होती, ती मी संगणकावर कापून टाकली. मग ते महाविद्यालयाच्या वार्षिकात आले, स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात लागले, आणि अखेर चौकटीत बसून दिवाणखान्यात, पितळी खिळ्यावर विराजमान झाले. ज्या सौभाग्यवतीने भिंगासाठी दोन वर्षे हाताने कपडे धुतले, तिनेही पहिल्यांदाच म्हटले, “पैसे अगदीच वाया नाही गेले म्हणायचे.” येणारे म्हणत, “काय क्षण टिपलात, सर!” मी विनयाने म्हणे, “छे, छे, नशीब लागतं.”

पुढच्या पावसाळ्यात धाकटीला शाळेत प्रकल्प होता: स्थलांतर करणारे पक्षी. बाबांकडे आयतेच चित्र आहे म्हणून ती संगणकावर शोधत बसली, आणि तिला मूळ, न कापलेले चित्र सापडले. तिने मला हाक मारली.

“बाबा, हा का नाही उडाला?”

मी चष्मा लावून पाहिले. डाव्या कडेला तिचे धावते पाऊल होते, धूसर, वाळू उडवणारे. आणि त्या पावलापासून चारपाच हातांवर एक चिखल्या वाळूवर तसाच उभा होता. सारा थवा वर गेला, हा एकटा खाली. पंख मिटलेले, मान आखडलेली, तोंड तिच्याकडे.

खरे सांगायचे तर चित्र कापताना मला तो दिसला होता. दगड वगैरे नव्हे, पक्षी आहे हे मी ओळखले होते. तेव्हा मनात एवढेच आले, की याने चित्राची मांडणी बिघडते. आणि एका फटक्यात मी दोघांनाही चित्रातून काढून टाकले: न उडालेल्या पाखराला, आणि ज्याच्यामुळे बाकीचे उडाले त्या माझ्या मुलीच्या पावलाला. उरले ते ‘नशीब’. संदर्भ सोडून ओळ उचलू नका, असे मी दरवर्षी नव्या वर्गाला बजावतो.

तो का उडाला नाही, हे मला आजही ठाऊक नाही. पाय दुखावला असेल, कोळ्यांच्या जाळ्याचा तुटका धागा अडकला असेल, किंवा नुसताच थकला असेल. पण धाकटीचा प्रकल्प पुढे माझाच झाला. वाचत गेलो तसतसा मी मनात ओशाळत गेलो. हा चिखल्या वजनाने साठ-सत्तर ग्रॅमचा, म्हणजे कोंबडीच्या अंड्याहून थोडा जड. त्याची वीण लडाख-तिबेटच्या उंच पठारावर. तिथून हिमालय ओलांडून तो आमच्या किनाऱ्यावर थंडी काढायला येतो. त्याचे घड्याळ सूर्याचे नसते, पाण्याचे असते. ओहोटी लागली, की दिवस असो वा रात्र, उघड्या पडलेल्या ओल्या वाळूत किडे टिपायचे; भरती आली की खाणावळ बंद, मग पिसांत चोच खुपसून विश्रांती. म्हणजे भरतीच्या वेळी त्याला उडवणे हे रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुपारी दोन वाजता दार वाजवून उठवण्यासारखे आहे. आमच्या गावात हे कोणाला समजावून सांगावे लागू नये. आमच्या जिन्यात मुले खेळू लागली, की एक तरी बाई दार उघडून ओठांवर बोट ठेवते. आत कोणीतरी तिसरी पाळी करून झोपलेले असते. आणि मी माझ्या मुलीला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

या कुळातल्या पाखरांची शिदोरी अंगावरच असते. लांबचा पल्ला गाठण्याआधी ती खाऊन खाऊन चरबी साठवतात, काही तर वजनाने जवळजवळ दुप्पट होतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाणटिवळ्याच्या कुळातले एक गॉडविट, अवघ्या पाच महिन्यांचे पिल्लू, पाठीवर यंत्र बांधलेले, अलास्काहून निघाले आणि अकरा दिवसांनी टास्मानियाला उतरले. १३,५६० किलोमीटर! मध्ये थांबणे नाही, खाणे नाही, पिणे नाही. असा प्रवास ज्यांना करायचा, त्यांची चरबी म्हणजे मोजून बांधलेले पैसे. एका माणसाने एकदा उडवले तर पाखरू मरत नाही, हे खरे. पण सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर एकच माणूस येतो काय? घोडागाडी येते, मोटारी येतात, कुत्री येतात, आणि क्षण टिपणारे आम्ही येतो. प्रत्येक जण त्या गाठोड्यातले एकेक नाणे काढून नेतो, आणि वर म्हणतो, मी तर एकच घेतले.

त्या दिवाळीच्या साफसफाईत चौकट खाली उतरली ती पुन्हा वर गेली नाही. सौभाग्यवतीने कारण विचारले. मी मूळ चित्र दाखवले. ती बराच वेळ धाकटीच्या पावलाकडे पाहत राहिली, आणि काही बोलली नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. अर्थात नवमीलाच. आजींच्या गुडघ्यांनीही आता माझ्याच गुडघ्यांची वाट धरली होती, त्यामुळे आमचे बोलणे लांबले. सकाळी मी आणि धाकटी उंचवट्यापासून चांगले अंतर ठेवून पालथे पडलो, आणि या वेळी पुढे सरकलो नाही. थवा झोपलेला होता. ऊन आले, सोन्याचे पितळ झाले, ते झाले तर झाले. आठच्या सुमारास पाणी हटू लागले. एकेका पाखराने चोच पिसांतून काढली, एक पाय मागे ताणला, एक पंख ताणला. आणि मग सगळा थवा पायी निघाला. ओली वाळू जसजशी उघडी पडत गेली तसतसे पसरत, धावत, थबकत, टिपत. चिखल्याची ही चालच आहे: चार पावले धाव, थांबून पाहा, चोच मार. एक जण त्या नादात आमच्याकडे येऊ लागला. वीस फूट, पंधरा फूट, दहा फूट. मी कॅमेरा डोळ्याला लावला. चित्र धूसर. भिंगाचे कडे फिरवले, तरी धूसर. तेव्हा आठवले, भौतिकशास्त्राच्या आमच्या सहकाऱ्यांनी सांगितले होते, की या भिंगाला नऊ फुटांच्या आतले दिसत नाही. एवढे महागडे भिंग, आणि त्यालाही चाळिशी लागलेली!

मी कॅमेरा वाळूवर टेकवला. चिखल्या आमच्यापासून दोन हातांवर थांबला. त्याच्या पापणीची कड दिसत होती. ओल्या वाळूतून त्याने दोऱ्यासारखा किडा ओढून काढला, गिळला, आणि आमच्याकडे एकदा पाहिले. पालथे पडलेले दोन ओंडके, असेच त्याला वाटले असावे. धाकटीने माझे बोट घट्ट धरले होते. तो पुढे निघून गेला तेव्हाच तिने श्वास सोडला. त्याचे चित्र माझ्याजवळ नाही.

परतताना आम्ही शिलालेखापाशी थांबलो. धाकटीने झिजलेल्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि विचारले, “हे लिहिलं तेव्हा पण येत असतील का ते?” येतच असणार. पश्चिम समुद्राच्या अधिपतीचे राज्य जाऊन कैक शतके लोटली. त्यांनी मात्र आपली खेप चुकवलेली नाही.

घरी आल्यावर धाकटीने स्वयंपाकघरातले कॅलेंडर काढून दिवाणखान्यातल्या पितळी खिळ्यावर लावले, आणि थंडीतल्या सगळ्या नवम्यांभोवती पेन्सिलीने वर्तुळे काढली. सौभाग्यवतीने दुधाच्या खाड्यांसाठी आत वेगळी वही घातली. परवा आमचे एक स्नेही आले होते. ती वर्तुळे पाहून त्यांनी विचारले, “नवमीचा उपास करता वाटतं घरात?”

मी हो म्हणून टाकणार होतो. थातुरमातुर सांगायची सवय अशी लगेच जात नाही. पण धाकटी तिथेच बसली होती. ती म्हणाली, “नाही काका, नवमीला सकाळी पावणेसातला भरती असते. तेव्हा ते झोपलेले असतात.”

दसऱ्याच्या सुमारास मोरयाच्या घाटावर तुतारी परत आली आहे. शेपटी वरखाली, वरखाली. म्हणजे अक्षीलाही मंडळी पोहोचली असतील. दिवाळी झाली की नऊ दिवसांनी कार्तिक शुद्ध नवमी येते. आम्ही जाणार आहोत. भिंग घरीच ठेवावे की न्यावे, याचा निकाल अजून लागायचा आहे.